सपोर्ट संपतो तेव्हा काय नष्ट होते?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमचा, म्हणजे संगणकाच्या यंत्रभागांकडून काम करवून घेणाऱ्या आणि इतर सर्व प्रोग्रॅमना आधार देणाऱ्या मूळ प्रणालीचा, सर्वसाधारण सपोर्ट थांबवला. सपोर्ट म्हणजे प्रणालीत नव्याने उघडकीस येणारी छिद्रे बुजवणारे दुरुस्तीचे तुकडे, ज्यांना पॅच म्हणतात, ते वेळोवेळी पुरवत राहण्याची निर्मात्याने पत्करलेली जबाबदारी होय. वसई-विरारच्या घरांत, शिकवणीच्या वर्गांत, झेरॉक्सच्या दुकानांत आणि वालीव, सातिवली, गोखिवरे या औद्योगिक पट्ट्यातील लहान कारखान्यांत असे जे संगणक होते, त्यांच्यात त्या रात्री काहीही झिजले नाही, काहीही तुटले नाही, एकही फाइल पुसली गेली नाही. तरीही त्यांची गणना दुसऱ्या दिवसापासून ‘संपलेल्या’ वस्तूंमध्ये होऊ लागली. आणि विंडोज ११ साठी आवश्यक ठरवलेली टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप किंवा मान्य यादीतला प्रोसेसर ज्यांच्यात नव्हता, त्यांना पुढच्या प्रणालीकडे जाण्याची अधिकृत वाटही उरली नाही. वस्तूत कोणताही विकार न होता वस्तू संपते, तेव्हा नेमके काय नष्ट होते आणि त्या नाशाचा कर्ता कोण, हा प्रश्न तंत्रज्ञानाचा किंवा बाजारभावाचा म्हणून सोडून देता येत नाही, कारण विनाशाला कारण लागते की नाही यावर भारतीय दर्शनांनी शतकानुशतके वाद घातला आहे आणि त्या वादातील भेद येथे अजूनही उपयोगी पडतात.

त्या वादाचा एक पक्ष ज्या धर्मपरंपरेचा, तिचे नाते या भूमीशी जुने आहे. आज वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत असलेले सोपारे म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. दिव्यावदान या संस्कृत बौद्ध ग्रंथातील पूर्णाची कथा याच नगराशी जोडलेली आहे, आणि येथील स्तूपाचे उत्खनन भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये केले. बौद्ध परंपरेतील वसुबंधू आणि पुढे धर्मकीर्ती यांनी असा सिद्धान्त मांडला की विनाश अहेतुक असतो, म्हणजे जे उत्पन्न झाले ते स्वभावतःच क्षणोक्षणी नष्ट होत असते आणि त्यासाठी बाहेरून कोणी येऊन ते नष्ट करावे लागत नाही. न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, म्हणजे नैयायिकांनी, विशेषतः ‘आत्मतत्त्वविवेक’ लिहिणाऱ्या उदयनाचार्यांनी, या क्षणभंगवादाचा कडवा प्रतिवाद केला. न्यायमतानुसार घट फुटतो तो मुद्गराच्या, म्हणजे जड हातोड्याच्या, आघाताने, आघात नसता तर घट राहिला असता, आणि फुटल्यावर जो अभाव उरतो त्याला प्रध्वंसाभाव म्हणतात. हा अभाव सादि आणि अनंत असतो: त्याला आरंभ आहे, शेवट नाही, फुटलेला तोच घट परत येत नाही.

विंडोज १० चा शेवट या दोन्ही चौकटींत नीट बसत नाही, आणि तो का बसत नाही हे पाहण्यातच प्रश्नाची खरी उकल आहे. तो स्वभावतः झालेला क्षय नव्हे, कारण प्रणालीतील आज्ञावली झिजत नाही. पहिल्या दिवशी ती जशी होती तशीच शेवटच्या दिवशी असते, बदलते ते भोवतालचे जग, ज्यात तिच्या नव्या फटी नव्या लोकांना ठाऊक होत राहतात. तो मुद्गराचा आघातही नव्हे, कारण त्या यंत्राला कोणी स्पर्श केला नाही. आघाताची उदाहरणे वेगळी आहेत: इटलीच्या स्पर्धा-नियामक संस्थेने ऑक्टोबर २०१८ मध्ये ॲपल आणि सॅमसंग या दोन्ही कंपन्यांना दंड केला तो या निष्कर्षावर की त्यांनी ग्राहकांना घ्यायला लावलेल्या अपडेटमुळे काही जुने फोन मंदावले. तिथे अपडेट हाच मुद्गर होता. सपोर्ट थांबतो तेव्हा मात्र मारणारा कोणी दिसत नाही, फक्त राखणारा निघून जातो.

आणि हा अभाव अनंतही नाही. विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजी संपला होता. पण मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभर धुमाकूळ घातला तेव्हा मायक्रोसॉफ्टने तीन वर्षांपूर्वी मृत ठरवलेल्या त्याच प्रणालीसाठी पॅच काढून दिला. विंडोज १० च्या बाबतीतही घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षा-दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, काही अटींवर किंवा पैसे भरून, सुरू ठेवण्याची सोय कंपनीनेच केली. जे पैसे भरल्यावर चालू राहते आणि संकट आल्यावर परत येते, त्याला प्रध्वंसाभाव म्हणणे तर्काला धरून नाही. तिथे नाश झालेला नसतो, राखण रोखून धरलेली असते. आणि रोखून धरणे ही कृती आहे, तिला कर्ता आहे, आणि जिथे कर्ता आहे तिथे धर्म-अधर्माचा प्रश्न टाळता येत नाही.

म्हणूनच ‘सर्व अनित्य आहे, मग संगणकाचे दुःख कशाला’ हे सांत्वन, ते कितीही प्रांजळपणे दिले जात असले तरी, स्वीकारण्याजोगे नाही. अनित्यतेचा उपदेश माणसाने आपल्या आसक्तीकडे पाहण्यासाठी आहे. दुसऱ्याने घेतलेल्या निर्णयाला निसर्गनियमाचा मान देण्यासाठी तो नाही. विहाराचे छप्पर गळू लागले तर ते शाकारण्याचे नियम विनयपिटकात आहेत, आणि डागडुजीसाठी नेमलेल्या भिक्षूचे कामही तिथे सांगितले आहे. सर्व संस्कार अनित्य मानणाऱ्या संघाने दुरुस्तीला गौण मानले नाही. सपोर्टची मुदत किती असावी हे निसर्ग ठरवत नाही याचा पुरावा बाजारातच मिळतो. ज्या अँड्रॉइड फोनना काही वर्षांपूर्वी दोन-तीन वर्षेच अपडेट मिळत, त्याच जातीच्या फोनना गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांचे वचन दिले, आणि युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून असा नियम लागू केला की मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट द्यावेत.

कर्ता सापडल्यावर दुसरा प्रश्न उभा राहतो तो स्वत्वाचा, म्हणजे मालकीचा. विकत घेतलेल्या संगणकाचा मालक कोण? अकराव्या-बाराव्या शतकाच्या संधीवर कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने विज्ञानेश्वरांनी याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली, तिच्या दायविभागाच्या आरंभी स्वत्व शास्त्रातूनच कळते की लोकव्यवहारातून, असा विचार केलेला आहे आणि निर्णय लौकिक स्वत्वाच्या बाजूने दिलेला आहे. शास्त्रकारांनी स्वत्वाची जी ओळख सांगितली ती यथेष्टविनियोगाची पात्रता ही, म्हणजे वस्तू आपल्या इच्छेप्रमाणे वापरण्याची, देण्याची, मोडण्याची किंवा दुरुस्त करण्याची मुभा. पुढे नैयायिक रघुनाथ शिरोमणींनी तर स्वत्व हा द्रव्य-गुणादींपेक्षा निराळा, स्वतंत्र पदार्थच मानावा असे प्रतिपादन केले.

या कसोटीवर पाहता, यंत्राचा पत्रा, पडदा आणि चिप यांवर ग्राहकाचे स्वत्व आहे, पण ज्याच्यावाचून ते यंत्र निर्जीव आहे त्या प्रणालीवर नाही. कंपनीच्या करारातच लिहिलेले असते की सॉफ्टवेअर विकलेले नसून त्याच्या वापराचा परवाना दिलेला आहे. ते उघडून पाहण्याची, बदलण्याची मुभा त्यात नसते. धर्मशास्त्रात याच्या जवळची कल्पना उपनिधीची आहे: आत काय आहे ते न सांगता मोहोरबंद करून दुसऱ्याकडे सोपवलेली ठेव. उपनिधी सांभाळणाऱ्याने तो उघडू नये, कारण स्वत्व ठेवणाऱ्याचे आहे. परंतु त्याच न्यायाने याज्ञवल्क्यांनी असेही सांगितले की राजा, दैव किंवा चोर यांच्यामुळे ठेव गेली तर सांभाळणाऱ्याकडून ती भरून घेऊ नये. मालकी ज्याची, जोखीमही त्याची. सॉफ्टवेअरच्या व्यवहारात या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडलेल्या आहेत. मोहोर कंपनीची, स्वत्व कंपनीचे, आणि चोर आला तर नुकसान मात्र ज्याने पैसे मोजून ती बंद पेटी घरात ठेवली त्याचे. ही विषमता कायदेशीर असेल. न्याय्य आहे असे म्हणण्यास आधार सापडत नाही.

वसईच्या पश्चिमेकडील वाड्यांमध्ये बावखले आहेत: बागायतीसाठी पूर्वजांनी खणलेली गोड्या पाण्याची लहान तळी, ज्यांवर केळी, भाजीपाला आणि पानवेली पोसल्या गेल्या. बावखलही राखणीवाचून टिकत नाही. गाळ साचतो, तो उपसावा लागतो, आणि आळस झाला तर पाणी आटते. पण खणणाऱ्याचा वंश संपला किंवा गाव सोडून गेला तरी वाडीतील दुसरा कोणी फावडे घेऊन आत उतरू शकतो. बंद प्रणालीचे वैगुण्य ती राखणीवर अवलंबून आहे हे नसून, खणणारा निघून गेल्यावरही काठाचे कुलूप तसेच राहते हे आहे. पूर्वेकडील एखाद्या कारखान्यात संगणकाच्या आज्ञेवर चालणारी कातकामाची यंत्रे वीस-पंचवीस वर्षे सहज काम देतात, परंतु त्यांना आज्ञा देणारा संगणक त्याआधीच अनाथ होतो. आणि यंत्र दुरुस्त करणारा कुशल कारागीर जवळच्याच गाळ्यात असूनही त्याचा हात प्रणालीपर्यंत पोहोचू दिला जात नाही.

येथे निर्मात्याची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. प्रत्येक पॅचमागे माणसांचे श्रम असतात, जुन्या आवृत्त्यांचा भार अमर्याद वाहता येत नाही, आणि २०१५ पासूनची दहा वर्षे ही विंडोज १० ला मिळालेली मुदत फोनांच्या मानाने बरीच मोठी आहे. शिवाय अपडेट न घेणे ही केवळ स्वतःपुरती गोष्ट नसते. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या विध्वंसक प्रोग्रॅमने न्हावा शेव्यातील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलचे काम ठप्प केले. तो ज्या फटींतून पसरला त्यांतील एकीवरचा पॅच मार्चमध्येच उपलब्ध झालेला होता. मात्र त्याच घटनेचा दुसरा पैलूही तितकाच खरा आहे: तो प्रोग्रॅम मुळात युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच आत शिरला होता. सामान्य माणूस अपडेट स्वीकारतो तेव्हा त्यात काय आहे हे त्याला प्रत्यक्षाने कळत नाही, अनुमानानेही नाही. तो ते आप्तवाक्य म्हणून स्वीकारतो, आणि न्यायसूत्रावरील वात्स्यायनभाष्यानुसार आप्त तोच, ज्याला विषयाचे यथार्थ ज्ञान आहे आणि जो ते जसेच्या तसे सांगू इच्छितो. सुरक्षेच्या दुरुस्तीबरोबर नको असलेली जाहिरात, बदललेली मांडणी किंवा काम मध्येच तोडणारी पुनःसुरुवात जेव्हा एकाच पुडीत बांधून दिली जाते, तेव्हा आप्तत्वाला तडा जातो. अपडेट पुढे ढकलणाऱ्यांना अडाणी म्हणण्यापूर्वी हा तडा कोणी पाडला ते पाहणे आवश्यक आहे.

कुलूप काढले म्हणजे सर्व प्रश्न सुटतात, असेही नाही. सोपाऱ्याला सापडलेला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा आणि १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे मिळालेला नवव्या लेखाचा तुकडा हे याचे मोठे उदाहरण आहे. आपले धर्मलेख दीर्घकाळ टिकावेत ही इच्छा अशोकाने आपल्या लेखांतच व्यक्त केली होती, म्हणून माध्यम पाषाणाचे निवडले. त्यावर मोहोर नव्हती, परवान्याची अट नव्हती, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता यावे हाच हेतू होता. पाषाण टिकला, परंतु ब्राह्मी लिपी वाचणारे उरले नाहीत. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने अशोकाचे स्तंभ दिल्लीस आणवले तेव्हा त्यांवरील मजकूर सांगू शकेल असा विद्वान त्याला मिळाला नाही, आणि जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये लिपीचा उलगडा करीपर्यंत ते लेख जवळजवळ मुके होते. याउलट बुद्धवचन आरंभीची काही शतके कोणत्याही टिकाऊ माध्यमावर नव्हते. भाणक, म्हणजे ठरावीक सुत्ते मुखोद्गत करून पुढच्या पिढीला देणारे भिक्षू, यांच्या कंठात ते होते, आणि अखंड राखणीमुळे ते पोहोचले. टिकणे हा वस्तूचा गुण कमी आणि राखणाऱ्यांच्या परंपरेचा गुण अधिक आहे, हे या दोन वारशांकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले की स्पष्ट होते.

मराठी लेखनाने हाच अनुभव अलीकडेच घेतला आहे. युनिकोड, म्हणजे जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचे संकेत ज्याचे त्याचे निराळे होते. पुस्तके, स्मरणिका, पॅरिशची मासिके आणि दिवाळी अंक त्यांत जुळवले गेले आणि पानांची मांडणी पेजमेकरमध्ये झाली, ज्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची आहे. मूळ फाँट आणि जुनी प्रणाली हाताशी नसेल तर त्या फाइलींतील देवनागरी मजकूर रोमन अक्षरांचा अर्थहीन पुंजका होऊन समोर येतो. मजकुराचा एकही कण हरवलेला नसतो, आणि तरीही तो वाचता येत नाही. प्रिन्सेपपूर्वीच्या शिलालेखाची ही अवस्था अनेक शतकांनी नव्हे, वीस वर्षांत आली.

मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ, जिने १९८३ पासून आज्ञावली सर्वांना पाहता, बदलता आणि वाटता यावी असा आग्रह धरला, तिने कुलुपाचा प्रश्न मुळातून हाताळला आहे आणि अनेक जुन्या संगणकांना लिनक्स या मुक्त प्रणालीने खरोखर नवे आयुष्य दिले आहे. पण एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचे छिद्र उघडकीस आले तेव्हा कळले की अर्ध्या जगाचे व्यवहार ज्या ओपनएसएसएल या मुक्त आज्ञावलीवर विसंबले होते, ती मोजक्याच लोकांच्या, बहुतांशी स्वयंसेवी, श्रमांवर उभी होती. उघडे दार आणि राखणारा माणूस या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. म्हणून निर्मात्याचे कर्तव्यही दुहेरी ठरते: जोवर किल्ली त्याने आपल्याकडे ठेवली आहे तोवर राखणही त्याची, आणि राखण सोडायची असेल त्या दिवशी किल्ली इतरांच्या हाती देणे भाग. त्याला सदासर्वकाळ राबण्याचे बंधन नाही; पण राखण टाकून किल्ली खिशात ठेवण्याचा अधिकार त्याला कोणत्याही विचारपरंपरेतून मिळत नाही.

वसईच्या दुसऱ्या मोठ्या धर्मपरंपरेतही या कर्तव्याचा धागा सापडतो. तेराव्या शतकातील ख्रिस्ती धर्मचिंतक संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिओलॉजिए’मध्ये विक्रीतील अन्यायाचा विचार करताना असे सांगितले की विकणाऱ्याला ठाऊक असलेला, पण घेणाऱ्याला न दिसणारा आणि त्याला हानी किंवा धोका पोहोचवू शकणारा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. तिथेच त्यांनी सिसेरोकडून आलेले एक उदाहरण तपासले आहे: धान्याचा तुटवडा असलेल्या गावी एक व्यापारी आधी पोहोचतो, मागून आणखी धान्य येत आहे हे त्याला ठाऊक असते, आणि तो ते न सांगता चढ्या भावाने विकतो. अक्वायनस यांच्या मते यात न्यायाचा भंग होत नाही, कारण पुढे येणारी गोष्ट अजून घडलेली नाही. सांगितले असते तर मात्र त्याचा सद्गुण अधिक मोठा ठरला असता. सॉफ्टवेअरच्या निर्मात्याला ही सवलत लागू होत नाही. धान्याच्या व्यापाऱ्याला भविष्य केवळ ठाऊक होते, त्याने ते घडवले नव्हते. मागून येणारी गलबते त्याच्या हुकमाने चालत नव्हती. सपोर्टची अखेरची तारीख मात्र विकणाराच ठरवतो, आणि ती ठरलेली असताना वस्तू पूर्ण किमतीला विकली जात असेल तर तो भविष्याचा भाग न राहता विकलेल्या वस्तूचाच, विक्रीच्या क्षणी असलेला, गुप्त दोष होतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात फेकून देण्याच्या संस्कृतीवर जी टीका केली, तिचा अर्थ ग्राहकाने संयम पाळावा एवढाच घेतला जातो; परंतु ज्याला वस्तू टिकवायची आहे त्याच्या हातातून ती काढून घेणाऱ्या व्यवस्थेलाही ती तितकीच लागू आहे.

भारतात ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, आणि ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, ज्यांत टाकाऊ यंत्रांची विल्हेवाट लावण्याचे दायित्व उत्पादकांवर आहे. दायित्व यंत्र कचरा झाल्यावर सुरू होते. ते कचरा का झाले हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. वजनमापे कायद्याखालील २०११ च्या नियमांनुसार वसई स्थानकाबाहेरच्या दुकानात विकल्या जाणाऱ्या फोनच्या खोक्यावर कमाल किरकोळ किंमत, उत्पादक किंवा आयातदाराचे नाव आणि निर्मितीचा महिना व वर्ष छापणे बंधनकारक आहे. त्या फोनची राखण कोणत्या तारखेला थांबेल हे छापण्याचे बंधन त्यांत नाही, आणि खोक्यावरील इतर सर्व माहितीप्रमाणे ही तारीखही कळवणे ज्याच्या हाती आहे तो खोके छापणाराच आहे.